छोटी मोटार, दोन सायकली

जालना शहरातून सायकल घेऊन बाहेर पडायचं तर पहिली गाठ मालट्रकांशी पडते. पोलादाच्या भट्ट्यांकडे भंगार आणणारे आणि रोलिंग मिलमधून सळया नेणारे ट्रक औद्योगिक वसाहतीच्या भोवती दिवसरात्र चालू असतात. सायकलीला हवा तसा निवांत रस्ता मात्र जिल्ह्यात जागोजागी सापडतो. कडवंचीच्या द्राक्षबागा आणि शेततळ्यांमधले रस्ते आहेत. घनसावंगी तालुक्यात समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आहे. केळणा नदीकाठी असई आहे, जिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या आणि इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजा भिडल्या. अशा ठिकाणी पहाटे सायकल चालवण्यात जो आनंद आहे, तो शहराच्या वेशीवर ट्रकच्या धुरात मिळत नाही.

प्रश्न तिथवर पोचण्याचा आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलीला वाहत्या हमरस्त्यावरून तीस-चाळीस किलोमीटर सायकलवर न्यायचं धाडस कोणते आईवडील करतील? लांब जायचं असेल तर अडचण आणखी वाढते. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो, पण त्यावर सायकलीला प्रवेश नाही, मोटरसायकललाही नाही. नाशिकला किंवा नागपूरला ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीसाठी, निघालेल्या सायकलस्वाराला त्या रस्त्याने जायचं तर सायकल मोटारीनेच न्यावी लागते. २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत संपवायची असते आणि ती बहुधा पहाटेच सुरू होते. आदल्या रात्री सायकलसह मुक्कामी पोचणं त्यामुळे ओघानेच आलं.

पूर्वी एस.टी.च्या टपावर सायकल चढायची. मागच्या शिडीने वर नेऊन दोराने बांधली की गावापर्यंत काळजी नसे. आता बहुतेक गाड्यांना ती शिडीच नाही. रेल्वेत सायकल पार्सलने पाठवता येते, पण गाडी थांबते तिथपर्यंतच. म्हणून घरच्या मोटारीला लावता येईल असा, काम झालं की घडी घालून डिकीत किंवा माळ्यावर ठेवता येईल असा छोटा कॅरियर कामाचा ठरतो. दुकानात गेलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, यात सायकली किती बसतात? त्याआधी विचारायचा प्रश्न दुसराच आहे: सायकलींचं वजन मोटारीच्या कोणत्या भागावर जाणार? कॅरियरची निवड, बांधणी आणि रस्त्यावरची सुरक्षितता या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभी आहे.

आत, वर, की मागे

सगळ्यात सुरक्षित जागा मोटारीच्या आतली. मागची सीट पाडली, सायकलीचं पुढचं चाक काढलं आणि खाली जुनी चादर अंथरली, तर वॅगन-आरसारख्या उंच गाडीत एक सायकल आणि दोन माणसं बसतात. ऊन, धूळ, पाऊस, चोर यांपैकी कशाचीच भीती उरत नाही. एकट्या-दुकट्याच्या प्रवासाला कॅरियर घेण्याआधी हा मार्ग करून पाहावा. मात्र सायकल आतसुद्धा पट्ट्याने बांधावी. जोराचा ब्रेक लागला तर सुटी सायकल पुढच्या सीटवर येऊन आदळते. सीएनजीच्या गाडीत बहुधा डिकीत टाकी असते, आणि चारजणांचं कुटुंब निघालं तर मागची सीट पाडता येत नाही. तेव्हा सायकल बाहेर बांधण्याला पर्याय राहत नाही.

दुसरी जागा छत. छतावर आडव्या दांड्या बसवायच्या आणि त्यांवर सायकल उभी करायची. नंबरप्लेट, मागचे दिवे, डिकी सगळं मोकळं राहतं आणि सायकली एकमेकींना घासत नाहीत. अडचणी दोन. पहिली उंचीची. वॅगन-आरची उंची सुमारे १.६७ मीटर. वर दांड्या आणि मीटरभर उंचीची सायकल धरली, तर जमिनीपासून पावणेतीन मीटरच्या पुढे जातं. घराच्या पोर्चची स्लॅब, हॉटेलच्या पार्किंगची कमान, शेतरस्त्यावर झुकलेली बाभळीची फांदी यांच्या खालून ते जाईलच असं नाही. दुसरी अडचण ताकदीची. पंधरा-सोळा किलोची सायकल डोक्याच्या वर उचलून नेमकी खाचेत बसवायची असते. उंची कमी असलेल्या किंवा खांदा दुखणाऱ्या माणसाला ते एकट्याने जमत नाही. छतावर किती भार चालतो हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं आणि छोट्या गाड्यांत तो आकडा लहान असतो. त्यातून दांड्यांचं आणि कॅरियरचं वजन वजा केल्यावर जे उरेल, तेवढंच सायकलींसाठी.

तिसरी जागा मागची, आणि छोट्या मोटारीच्या मालकाला बहुतेक वेळा हीच परवडते. डिकीच्या दारावर रबरी पाय टेकणारी, पट्ट्या आणि हुकांनी बांधली जाणारी चौकट म्हणजे पट्ट्यांचा कॅरियर. वजन चार-पाच किलो, घडी घातली की सपाट. सायकल फक्त कमरेच्या उंचीपर्यंत उचलावी लागते. गाडीला कुठे भोक पाडावं लागत नाही की काही जोडकाम करावं लागत नाही.

बोलेरोसारख्या गाडीत मागच्या दारावर स्टेपनी असते. तिथे हा नेहमीचा कॅरियर नीट टेकत नाही. अशा गाड्यांसाठी स्टेपनीवर बसणारा वेगळा कॅरियर मिळतो. त्याचा भार शेवटी दाराच्या बिजागरांवर जातो, म्हणून दार आधीच खडखडत असेल तर ते नीट करून घ्यावं.

युरोपात अनेक मोटारींच्या मागे ओढहूक असतो आणि त्यावर बसणारा कॅरियर सर्रास वापरतात. वजन थेट गाडीच्या सांगाड्यावर जातं, ही त्याची मोठी जमेची बाजू. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मात्र कंपनीकडून असा हूक येत नाही. बाहेरून जोडून घ्यायचा तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम, म्हणजे वाहनात बदल करण्यावरची बंधनं, आडवं येऊ शकतं. आरटीओत विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

वजनाचा हिशेब

पट्ट्यांचा कॅरियर नुसता पाहिला तर सायकली खालच्या पायांवर उभ्या आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात सगळी चौकट मागे आणि खाली कोसळू पाहत असते आणि वरचे पट्टे तिला धरून ठेवतात. खालचे पाय गाडीवर दाब देतात, वरचे पट्टे ताण घेतात. खालच्या आणि बाजूच्या पट्ट्यांचं काम निराळं. खड्ड्यात चौकट उसळू नये आणि वळणावर बाजूला सरकू नये, यासाठी ते असतात.

पंधरा-पंधरा किलोच्या दोन सायकली आणि पाच किलोचा कॅरियर, मिळून ३५ किलो. या वजनाचा मध्य खालच्या पायांच्या ४० सेंटिमीटर मागे आहे आणि वरचे हूक पायांच्या ६० सेंटिमीटर वर आहेत असं धरू. ३५ ला ४० ने गुणून ६० ने भागलं की सुमारे २३ येतात. म्हणजे गाडी नुसती उभी असताना वरचे पट्टे सुमारे २३ किलोची आडवी ओढ सोसतात. खड्डा आला, रंगवलेला नसलेला गतिरोधक वेगात ओलांडला, की ही ओढ क्षणभर दुप्पट-तिप्पट होते. म्हणजे सत्तर किलोंपर्यंत.

आता तिसरी सायकल टांगली असं धरा. वजन ५० किलो झालं आणि मध्य आणखी मागे, समजा ५० सेंटिमीटरवर गेला. उभ्या गाडीतलीच ओढ ४१ किलोच्या पुढे जाते. सायकलींचं वजन दीडपट झालं, पण पट्ट्यांवरचा भार त्याहून बराच वाढला. कारण प्रत्येक नवी सायकल आधीच्या सायकलीपेक्षा लांब टांगली जाते. कॅरियरवर तीन सायकलींची जागा आहे म्हणून छोट्या गाडीच्या पातळ पत्र्याच्या डिकीवर तीन लादाव्यात, असं होत नाही. मोठ्यांच्या दोन सायकली ही इथली समंजस मर्यादा आहे.

याच हिशेबातून टांगण्याचा क्रमही ठरतो. जड सायकल नेहमी गाडीला लागून आणि हलकी बाहेर. १८ आणि १२ किलोच्या दोन सायकलींचा क्रम उलटा केला, तर तेवढ्यानेच ओढ सुमारे दहा टक्क्यांनी वाढते.

तेव्हा खरेदीआधी सायकलींचं वजन करावं. भुसार दुकानाच्या काट्यावर किंवा घरच्या वजनकाट्यावर माणसासह आणि माणसाशिवाय असं दोनदा करता येतं. गियरची ॲल्युमिनियमची हायब्रिड सायकल १२ ते १४ किलोंची असते, पोलादी एमटीबी १६ ते १८ किलोंची, आणि दूध-भाजीसाठी वापरतात ती डबलबारची काळी सायकल २० किलोंच्या वर जाते. पट्ट्यांच्या कॅरियरवर प्रत्येक सायकलीची मर्यादा बहुधा १५ किलोंच्या आसपास असते. काळी सायकल आणि बॅटरीची सायकल त्यात बसत नाहीत, आणि पोलादी एमटीबीही आधी मर्यादेशी ताडून पाहावी. बॅटरी काढून आत ठेवली तर दोन-तीन किलो कमी होतात. तरीही आकडा तपासूनच टांगावी.

आपल्या गाडीला कोणता

कॅरियरच्या कंपन्या कोणत्या गाडीला कोणता नमुना बसतो याची यादी देतात. तीत आपल्या गाडीचं मॉडेल आणि साल असेल तरच पुढे जावं. यादी नसेल, तर गाडी दुकानात नेऊन प्रत्यक्ष लावून पाहावं आणि चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली, डिकीची वरची कड. हूक पत्र्याच्या कडेत अडकला पाहिजे. अनेक नव्या गाड्यांत तिथे प्लॅस्टिकचा स्पॉयलर असतो, आणि तो शोभेचा आणि वाऱ्याचा, ओझ्याचा नव्हे. कॅरियरचे पट्टे त्यावर दाब न देता वरून किंवा बाजूने जात असतील तरच तो कॅरियर घ्यावा. दुसरी, काच. पाय काचेवर टेकू देऊ नयेत, खालच्या पत्र्यावर किंवा बंपरवर टेकावेत. तिसरी, मागचा वायपर आणि दिवे. त्यांवर काही दाबलं जात नाही ना, हे पाहावं. चौथी, सायलेन्सर. त्याच्या तोंडासमोर टायर आला तर तासाभराच्या प्रवासात रबर वितळतं. मोठ्या चाकाची सायकल टांगून हे आधीच पाहून घ्यावं.

छोट्या गाडीची एक अडचण दुकानात सहसा कोणी सांगत नाही, ती रुंदीची. मोठ्या माणसाची सायकल सुमारे पावणेदोन ते १.८ मीटर लांब असते. अल्टो के-१० ची रुंदी आहे १.४९ मीटर, वॅगन-आरची १.६२ आणि स्विफ्टची १.७३. मागे आडवी टांगलेली सायकल अल्टोच्या दोन्ही बाजूंनी सुमारे पंधरा सेंटिमीटर बाहेर डोकावते. शेजारून जाणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या गुडघ्याच्या उंचीलाच ते चाक येतं, आणि गर्दीच्या रस्त्यावर ते धोक्याचं आहे. उपाय सोपा आहे. पुढचं चाक काढून गाडीत ठेवायचं. मग सायकलीची लांबी दीड मीटरच्या आत येते, वजनही दीड-दोन किलोंनी उतरतं. पुढच्या चाकाला क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय सुटणारा खटका, असेल तर हे मिनिटाचं काम. नट असतील तर १५ नंबरचा पाना सोबत ठेवावा.

सायकलीची फ्रेमही पाहायला हवी. कॅरियरच्या हातांवर सायकल वरच्या दांडीने टांगली जाते. मुलींच्या सायकलीत आणि आजीच्या, साडी नेसून चालवायच्या सायकलीत ती दांडी उतरती किंवा खालीच असते. अशा सायकलीसाठी सीटच्या खांबापासून हँडलच्या खांबापर्यंत तात्पुरती लावायची जोडदांडी मिळते. कार्बन फ्रेमची महागडी सायकल असेल, तर दांडीवर चिमटा आवळणारा कॅरियर टाळावा. चाकांवर उभी राहणारी रचनाच तिला योग्य.

पट्ट्यांचं कापडही महत्त्वाचं. नायलॉन पाणी शोषून घेतं आणि ओलं झालं की सैल पडतं. पॉलिएस्टर त्या मानाने कमी ताणतं. पावसाळ्यात निघणाऱ्याने याचा विचार करावा, आणि पट्टा नायलॉनचा असेल तर पहिल्या सरीनंतर गाडी थांबवून तो पुन्हा आवळावा.

गावातल्या वर्कशॉपमधला कॅरियर

जालन्यात लोखंडाला तोटा नाही आणि हात बसलेले वेल्डरही भरपूर आहेत. कॅरियर बनवून घेण्याचा विचार त्यामुळे साहजिकच मनात येतो. तो वाईट नाही, पण धातूबद्दल एक-दोन गोष्टी आधी समजून घ्याव्यात.

हाताशी असते ती बांधकामाची सळई. मजबूत दिसते म्हणून तिचाच सांगाडा करावा असं वाटतं. टीएमटी सळईची ताकद तिच्या बाहेरच्या कडक कड्यात असते. लाल तापलेल्या सळईवर मिलमध्ये पाण्याचा मारा करून ते कडं तयार करतात. वेल्डिंगच्या उष्णतेने ते तेवढ्या जागी मऊ पडतं. सांध्यालाच जिथे जास्त ताण येणार, तिथेच धातू कमजोर होतो. शिवाय सळई भरीव असते आणि वाकण्याविरुद्ध भरीव लोखंडाचा बराचसा गाभा फारसं काम करत नाही. १६ मिलिमीटरची सळई मीटरला १.५८ किलो भरते. २५ मिलिमीटर व्यासाचा आणि दोन मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला १.१३ किलो भरतो, आणि त्याचा आकार वाकवणाऱ्या भारापुढे जवळजवळ दुप्पट टिकतो. वजन कमी आणि ताकद जास्त, म्हणून चांगले कॅरियर पाइपचेच असतात.

वेल्डरकडे जाताना सांधा पाइपच्या भोवती पूर्ण फिरवायला सांगावं, चार ठिकाणी टाचणं पुरणार नाही. हात जिथे चौकटीला जोडले जातात तिथे त्रिकोणी पट्टी द्यायला सांगावी. पाइपची तोंडं बंद करून घ्यावीत, नाहीतर पाणी आत साचून आतून गंज धरतो आणि बाहेरून तो दिसत नाही. गाडीला टेकणाऱ्या प्रत्येक जागी जाड रबर हवं. आणि पहिली चाचणी सायकलींवर घेऊ नये. सायकलींच्या दुप्पट वजनाची वाळूची पोती टांगून, गाडी उभी ठेवूनच, काही तास वाट पाहावी. सांधा उघडला किंवा पत्रा दबला, तर ते अंगणात कळलेलं बरं.

बांधायचं कसं

आधी पत्रा पुसायचा. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ गाडीवर कायम असते. तीत बारीक कणही असतात, आणि रबरी पायाखाली दबून ते रंगावर चरे पाडतात. ओल्या फडक्याने पुसून, कोरड्याने टिपून मगच कॅरियर ठेवावा. मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीवर कॅरियर बांधून दिवसभर तसाच ठेवू नये. तापलेल्या रंगावर रबराचा डाग उठतो.

मग वरचे हूक, त्यानंतर खालचे, शेवटी बाजूचे. सगळे हलके लावून घ्यावेत आणि नंतर आळीपाळीने दोन्ही बाजूंनी सारखे आवळावेत. एक बाजू आधीच पूर्ण आवळली तर चौकट तिरकी बसते. कडब्याच्या पेंढ्यांनी भरलेल्या बैलगाडीवर शेतकरी दोर उभा आणि आडवा अशा दोन्ही दिशांनी ओढतो, कारण एका दिशेचा दोर दुसऱ्या दिशेचा हिसका रोखू शकत नाही. इथेही तसंच. वरच्या पट्ट्यांवर भरवसा ठेवून बाजूचे पट्टे सोडून देणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. पट्ट्यांची उरलेली टोकं गुंडाळून बांधावीत, नाहीतर ती वाऱ्यात फडफडून रंग घासतात किंवा चाकात जातात.

कॅरियर रिकामा असताना दोन्ही हातांनी धरून जोराने हलवावा. गाडी हलली पाहिजे, कॅरियर तिच्यावर हलता कामा नये. मग जड सायकल आधी, चेनची बाजू बाहेर ठेवून. दुसरी सायकल उलट्या तोंडाने टांगावी, म्हणजे एकीचं हँडल दुसरीच्या सीटपाशी येतं आणि दोन्ही जवळ बसतात. गाडीला लागून असलेलं पायडल काढावं किंवा त्यावर जुना टॉवेल बांधावा. पायडलने पडलेले डिकीवरचे खड्डे हे या प्रवासातलं नेहमीचं नुकसान आहे. पाण्याची बाटली, पंप, सुटी पिशवी, मुलांच्या सायकलीची टोपली, सगळं काढून आत घ्यावं. चाकं फिरू नयेत म्हणून पट्ट्याने फ्रेमला बांधावीत आणि हँडल वळू नये म्हणून तेही.

शेवटी दोन्ही सायकली आणि गाडी यांना एकत्र धरणारा एक जास्तीचा पट्टा, गाडीच्या ओढकडीपर्यंत, म्हणजे बंद पडलेली गाडी ओढताना दोर बांधतात त्या कडीपर्यंत, नेलेला. कॅरियरचं काही तुटलं तरी सायकल मागच्या मोटरसायकलवाल्याच्या अंगावर जाऊ नये, म्हणून तो पट्टा आहे. या कामाला रबरी दोरी वापरू नये. ती ताणते, म्हणून ओझं धरत नाही आणि तिचा हूक सुटला तर थेट डोळ्यावर येतो.

रस्त्यावर

बांधून झाल्यावर पाच-सात किलोमीटरवर थांबावं आणि सगळे पट्टे पुन्हा तपासावेत. सुरुवातीच्या हादऱ्यांनी रबर दबतं, हूक आपली जागा घेतात आणि पट्टे थोडे सैल पडतात. त्यानंतर चहाला थांबाल तिथे एकदा हात लावून पाहावा. मोसंबीच्या बागांमधून जाणाऱ्या जिल्हा रस्त्यांवर आणि शेतरस्त्यांवर गतिरोधक अगदी सावकाश ओलांडावेत. मागचं चाक गतिरोधकावर चढतं तेव्हा कॅरियरला सगळ्यात मोठा हिसका बसतो. अंगारकीच्या आसपास राजूरच्या गणपतीला जालन्याहून पायी जाणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो. त्या दिवसांत बाजूला बाहेर आलेली सायकल घेऊन त्या रस्त्याने जाऊच नये.

समृद्धीवर प्रश्न वाऱ्याचा. सपाट भागात तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, पण ती सायकली लादलेल्या गाडीने वापरू नये. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ८० वरून १२० वर गेला, म्हणजे दीडपट झाला, की रेटा सव्वादोनपट होतो. छतावरच्या सायकली तो रेटा पूर्ण अंगावर घेतात. मागच्या सायकली काही अंशी गाडीच्या आडोशाला असतात. मोकळ्या माळावर बाजूचा वारा सुटतो, मोठ्या कंटेनरला ओलांडताना हवेचा धक्का बसतो, आणि तेव्हा हलकी गाडी डगमगते. डावी मार्गिका धरून ऐंशीच्या आसपास चालावं. इंधनही वाचतं. रिकामा कॅरियरसुद्धा हवा अडवतो, म्हणून काम झालं की तो उतरवून ठेवावा. घडी होणाऱ्या कॅरियरचा मोठा फायदा हाच.

गाडीची लांबी मागे अर्धा मीटर वाढलेली असते, हे रिव्हर्स घेताना विसरायला होतं. मागचे सेन्सर सायकलींनाच अडथळा समजून सतत वाजतात, म्हणून कोणीतरी उतरून मागे उभं राहावं. डिकी उघडायची असेल तर आधी सायकली उतरवाव्यात. ओझ्यासकट उघडली तर बिजागर आणि गॅसचे शॉकर दोन्ही बिघडतात. रस्त्यात लागणारं पाणी, खाऊ, औषधं, पाना म्हणूनच मागच्या सीटवर ठेवावं. ढाब्यावर थांबलात तर गाडी नजरेसमोर लावावी. पट्टा ब्लेडने क्षणात कापता येतो, त्यामुळे साखळीचं कुलूप फ्रेममधून आणि ओढकडीतून घालावं.

कायदा काय म्हणतो

सायकलीचा कॅरियर लावणं हा गुन्हा नाही. अडचण येते ती नंबरप्लेट, दिवे आणि बाहेर डोकावणारं ओझं यांमुळे. नंबरप्लेट झाकली जाता कामा नये आणि ब्रेकचे, वळणाचे दिवे मागच्या गाडीला दिसले पाहिजेत. जर्मनीत कॅरियरवर तोच नंबर पुन्हा लावतात. नेदरलँड्समध्ये कॅरियरसाठी वेगळी पांढरी प्लेट मिळते. आपल्याकडे तो मार्ग नाही. उच्च सुरक्षा नंबरप्लेट गाडीला कायमच्या लॉकने जोडलेली असते, तिच्यावर होलोग्राम आणि लेसरने कोरलेला क्रमांक असतो. पुठ्ठ्यावर नंबर लिहून मागे लटकवला तर तो नंबरप्लेट म्हणून चालणार नाही. म्हणून कॅरियर असा निवडावा की सायकली प्लेटच्या वर राहतील. पुढचं चाक काढल्याने इथेही फायदा होतो, कारण प्लेटवर येऊ शकणारं एक चाक कमी होतं.

ओझ्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं १९४ (१ए) हे कलम आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमानुसार ओझं बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत परवानगीपेक्षा बाहेर गेलं तर २० हजार रुपये दंड आणि ओझं उतरवण्याचा खर्च, दोन्ही भरावे लागतात. गाडीच्या रुंदीच्या आत सायकल बसवण्याचा आग्रह सुरक्षेसाठी आहे आणि या कलमासाठीही. अंधारात निघायचं असेल तर सगळ्यात मागच्या सायकलीला लाल रिफ्लेक्टर आणि लुकलुकणारा लाल दिवा लावावा. विम्याचंही आधी विचारून घ्यावं. गाडीच्या विम्यात बाहेर टांगलेली सायकल आपोआप येत नाही.

दर वेळी पाहायच्या गोष्टी

कॅरियर उतरवल्यावर पट्टे उन्हात टाकू नयेत. उन्हाने धागे कुजतात आणि रंग उडालेला, कडक झालेला पट्टा एका झटक्यात तुटतो. पट्ट्याच्या कडेला धागे सुटलेले दिसले, बकल घसरू लागलं, रबरी पायाला चीर पडली किंवा हुकावरचं प्लॅस्टिक निघालं, तर तेवढा भाग बदलावा. हे भाग स्वस्त असतात. त्यांच्याऐवजी सुतळी बांधून वेळ मारून नेली, तर नुकसान आपल्या सायकलीपुरतं राहत नाही, मागून येणाऱ्याचा जीव त्यात गुंततो.

या साऱ्याचा आग्रह धरावा इतकं ते मोलाचं आहे, कारण कॅरियरमुळे सायकल फक्त शहरात वाढलेल्या आणि बिनधास्त तरुणांपुरती राहत नाही. ट्रकांच्या रस्त्याला घाबरणारी मुलगी, गुडघे जपून चालवणारी आई, पन्नाशीनंतर पुन्हा सायकलकडे वळलेले वडील यांना निवांत रस्त्याच्या सुरुवातीपर्यंत पोचवणारं हे साधन आहे. जालना जिल्ह्यात असे रस्ते आहेत आणि घरोघरी छोट्या गाड्याही आहेत. दोन सायकलींचं वजन नीट मोजून, गाडीच्या पत्र्यावर योग्य जागी टेकवून, सगळ्या दिशांनी बांधलं, तर जांबला, असईला किंवा कडवंचीच्या बागांत जायला वेगळी मोठी गाडी लागत नाही. दारात उभी असलेली छोटी मोटारच पुरते.